तटावरची फेरी, माळावरची फेरी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागच्या अंकात या सदरात इटलीतल्या लुक्का या जुन्या गावाचा दोन ओळींचा उल्लेख होता : गावाभोवती अखंड तटबंदी, तटाच्या माथ्यावर झाडांची सावली, मोटारींना मज्जाव आणि एक फेरी सव्वाचार किलोमीटरच्या आसपास. त्यावर बरीच पत्रे आली. काही खरोखरच तिकडे निघालेल्यांची, उरलेली ‘मग आपल्या सोलापुरात काय?’ असे विचारणाऱ्यांची. दोन्हींची उत्तरे इथे एकत्रच दिली आहेत, कारण मुद्दा एकच आहे. धावायचा रस्ता दिसायला कसा आहे यापेक्षा पायाखाली काय आहे आणि दमल्यावर तो मध्येच सोडता येतो का, हे आधी पाहावे.

प्रश्न : मुलगी पिसाला संशोधन करते, राहते लुक्काला. जूनच्या सुरुवातीपासून सहा आठवडे आम्ही दोघे तिच्याकडे असू. माझे वय ५८. आठवड्यातून चार दिवस पाच कि.मी. धावतो, रक्तदाबाची गोळी चालू आहे. तटावर रोज धावले तर चालेल का? किती आणि कधी? — जुळे सोलापूर

रोज नको. चार दिवसांची सवय आहे ती तशीच ठेवा, पहिल्या आठवड्यात तर तीनच दिवस. विमानप्रवास, साडेतीन तासांचा घड्याळाचा फरक आणि अपुरी झोप या तिन्हींचा हिशेब पाय चार-पाच दिवसांनी मागतात. आल्याच्या दुसऱ्या दिवशी अंगात हुशारी असते आणि नेमके तेव्हाच लोक दोन फेऱ्या मारून पोटरी धरून बसतात.

आधी जागा समजून घ्या. हा तट म्हणजे नुसती भिंत नव्हे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तोफांच्या माऱ्याला तोंड देण्यासाठी तो बांधत गेले. बाहेरून विटांचे तोंड आणि आत मातीची प्रचंड भर. उंची सुमारे १२ मीटर, पायथ्याशी रुंदी ३० मीटरपर्यंत. म्हणून माथ्यावर दुतर्फा झाडांचा रस्ता बसतो. एकोणिसाव्या शतकात तो लोकांच्या फिरण्यासाठी सजवला गेला. ११ बुरूज बाहेर आलेले आहेत, म्हणजे दोन बुरुजांमध्ये सरासरी ३८० मीटर पडतात. अंतरे सारखी नाहीत, पण धावणे-चालणे आलटून पालटून करायला घड्याळापेक्षा बुरूजच बरे : दोन बुरूज धावा, पुढच्या बुरुजाच्या निम्म्यापर्यंत चाला.

चढायचे कुठून? रेल्वे स्थानकाकडून आलात तर दक्षिणेची पोर्ता सान पिएत्रो ही वेस सोयीची, उत्तरेला पोर्ता सांता मारिया, पूर्वेला पोर्ता एलिझा. पोर्ता म्हणजे वेस. वेशींजवळच्या उतारवाटांनी वर जा. बुरुजांच्या पोटातून जाणारे जुने बोगदेही आहेत, थंडगार आणि पाहण्यासारखे, पण आतली जमीन ओलसर असते. तिथे धावू नका, चाला.

वर पोहोचल्यावर मधला पट्टा पक्का आणि कडेला माती व बारीक खडी. गुडघे कुरकुरत असतील तर कडेने धावा, पण अगदी काठाशी नको. काही जागी कठडा बुटका आहे, काही जागी नाहीच. त्याहून मऊ जमीन हवी असेल तर खाली उतरा. तटाच्या बाहेर सभोवती हिरवळीचा रुंद पट्टा आहे, तिकडे त्याला ‘स्पाल्ती’ म्हणतात. गवतावर सांध्यांना सुख मिळते, घोट्याला मात्र कष्ट. खळगे गवतात लपतात, म्हणून तिथे वेग कमी ठेवायचा आणि नजर चार-पाच पावले पुढे.

वेळ : जूनमध्ये तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि मावळतो रात्री नऊला. तुम्हांला सोलापूरच्या सवयीने लवकर जाग येईलच, तिचा फायदा घ्या आणि आठच्या आत फेरी उरका. नंतर भाड्याच्या सायकली सुरू होतात. शनिवार-रविवारी चौघांनी मिळून पायडल मारायच्या छपराच्या गाड्या निम्मा रस्ता अडवतात. ऊन सोलापूरच्या मानाने सौम्य, जुलैत पारा साधारण तिशीच्या आसपास, पण हवा दमट. सोलापूरच्या कोरड्या उन्हात घाम अंगावरच उडून जातो, तिथे तो बनियनलाच राहतो, म्हणून त्याच वेगाला जास्त धाप लागते. वेग किलोमीटरमागे अर्धा मिनिट कमी करून सुरुवात करा. नवी हवा अंगी लागायला दहा ते चौदा दिवस लागतात.

सहा आठवड्यांचा हिशेब असा बसतो. पहिल्या आठवड्यात तीन दिवस एकेक फेरी (१२.६ कि.मी.). दुसऱ्यात चार दिवस एकेक (१६.८). तिसऱ्यात त्यांतली एक दीड फेरीची (१८.९). चौथ्यात एक दिवस दोन फेऱ्या, बाकी तीन दिवस एकेक (२१). पाचव्यात पुन्हा चार एकेरी, सहाव्यात चौथ्यासारखे. तुमच्या आजच्या वीस कि.मी.च्या फार पुढे यात जात नाही, आणि जायची गरजही नाही. दहा फेऱ्या म्हणजे जवळजवळ अख्खी मॅरेथॉन होते, हे वाचून कुणाला सुरसुरी आली तर ती तरुणांसाठी राखून ठेवावी.

गोळीबद्दल : निघण्यापूर्वी डॉक्टरांना गोळीचे नाव दाखवून दोन गोष्टी विचारा. ती लघवी वाढवणारी असेल तर घामाच्या दिवसांत पाणी आणि क्षार दोन्ही कमी पडू शकतात. नाडी मंदावणारी असेल तर मनगटावरच्या घड्याळातला हृदयाच्या ठोक्यांचा आकडा तुमच्या श्रमाचा खरा अंदाज देणार नाही. मग कसोटी बोलण्याची : धावताना एक पूर्ण वाक्य न तुटता म्हणता आले पाहिजे. छातीत दडपण, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, अंधारी, यांपैकी काही झाले की थांबा. इटलीत मदतीचा क्रमांक ११२.

प्रश्न : तटावर चार-पाच दिवसांत कंटाळा येतो असे ऐकले. शेतं, नदी, टेकड्या यांतून जाणारे रस्ते सांगा. — रेल्वे लाइन्स

येतो खरा. पण बाहेर पडण्याआधी एक सवय उलटी करून घ्या. आपल्याकडे वाहने डावीकडून जातात, म्हणून समोरची गाडी दिसावी यासाठी पायी माणसाने उजवी कड धरायची. इटलीत वाहने उजवीकडून जातात, तेव्हा गावाबाहेरच्या रस्त्यावर डावी कड धरायची. तिथला वाहतुकीचा नियमही तसाच आहे. सोलापूरहून गेलेला माणूस सरळ रस्त्यावर हे लक्षात ठेवतो आणि वळणावर विसरतो. रस्ता ओलांडताना तर मान पहिल्यांदा चुकीच्या बाजूला वळतेच. पहिले आठ दिवस प्रत्येक चौकात पूर्ण थांबा.

आता रस्ते. सर्वांत निर्धास्त सेर्किओ नदीकाठचा. उत्तरेच्या वेशीतून निघालात की दीडेक कि.मी.वर नदी लागते. काठाने नदी-उद्यान आखले आहे, बांधावरून खडीची पांढरी वाट जाते. प्रवाहाच्या वरच्या अंगाला पोन्ते आ मोरियानोपर्यंत एका बाजूने आठेक कि.मी. होतात. सपाट आहे, वाहने नाहीत, दिशा चुकत नाही. दोष एकच, पण मोठा : ही जाऊन-येऊन वाट आहे. जाताना हुरूप असतो, परतताना ऊन वर आलेले असते आणि मध्ये कुठे सावलीत बसून रिक्षा बोलवायची सोय नाही. म्हणून अंतर जाताना ठरवू नका, वेळ ठरवा. चाळीस मिनिटे धावायचे असेल तर अठराव्या मिनिटाला वळा, विसाव्या नव्हे. परतीला ती दोन मिनिटे लागतातच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे पावसाचा जोर असतो. तेव्हा नदीला पाणी चढते आणि खालची वाट चिखलाने निसरडी होते. ही नदी गरीब नाही. १८१२ च्या पुरात गावाच्या वेशी बंद केल्या म्हणून आतले लोक वाचले. त्या वेळी तिथे राज्य करणारी नेपोलियनची बहीण एलिझा हिला म्हणे तटावरून यारीने (क्रेनने) आत उतरवून घ्यावे लागले.

दुसरा रस्ता आम्हांला सर्वांत आवडता : नोत्तोलिनीची नहर. लोरेंझो नोत्तोलिनी या स्थापत्यकाराने दक्षिणेच्या डोंगरातले पाणी गावात आणण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चारशेहून जास्त कमानींची ओळ उभी केली. रेल्वे स्थानकाच्या मागे सान कोंकोर्दिओला देवळासारखी एक गोल इमारत दिसते. ती पाण्याची टाकी. तिथून कमानींच्या सोबतीने ग्वामोपर्यंत तीन कि.मी.हून थोडी जास्त पायवाट आहे, बहुतेक गवत आणि माती, दोन्ही बाजूंना शेते आणि परसबागा. मध्ये महामार्ग आडवा येतो. त्यासाठी काही कमानी पाडल्या गेल्या, तिथे पादचारी पुलावरून पलीकडे जायचे. कमानी नजरेसमोर असल्यामुळे वाट शोधावी लागत नाही. काही जागी पायवाट गाडीरस्त्याला छेदते, तिथे चाल मंद करा. ग्वामोपासून डोंगर सुरू होतो. झाडीत दगडी पाट, छोटे बंधारे आणि झऱ्यांची टाकी आहेत. त्या जागेला ‘पारोले दोरो’, म्हणजे सोन्याची अक्षरे, म्हणतात. बंधाऱ्यावरच्या शिलालेखातली पितळी अक्षरे लोकांना सोन्याची वाटली, म्हणून हे नाव. चढ तीव्र, दगड शेवाळलेले. वर चालत जा आणि उतरतानाही चालतच या. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत भार घेतात. मग दुसऱ्या दिवशी जिना उतरताना माणूस कठडा शोधतो.

टेकड्यांतल्या जुन्या हवेल्यांचा भाग, म्हणजे मार्लिया, सेग्रोमिन्यो, कामिल्यानो, चित्रांत फार सुंदर दिसतो. ऑलिव्हच्या बागा, द्राक्षमळे, सरूची झाडे. धावायला मात्र बेतास बात. रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना उंच दगडी भिंती. आपल्या पाणंदीत समोरून बैलगाडी आली तर निदान बांधावर चढता येते, इथे चढायला बांधही नाही. जायचेच तर रविवारी भल्या सकाळी, अंगात झगझगीत रंगाचा सदरा घालून. त्यापेक्षा सान क्विरिकोच्या पुलावरून नदी ओलांडून मोन्ते सान क्विरिकोच्या टेकडीकडे वळा. चढ तसाच आणि बागाही तशाच, पण घर जवळ. रोमकडे जाणारी जुनी यात्रावाट, विया फ्रान्चीजेना, लुक्काहून आल्तोपाशोकडे जाते. नाव ऐकून लोक भुलतात. हा अठराएक कि.मी.चा टप्पा बराचसा डांबरी आणि वाहनांचा आहे. चालणाऱ्या यात्रेकरूला ठीक, धावणाऱ्याला नाही.

तीन पाट्या ओळखू याव्यात. ‘प्रोप्रिएता प्रिवाता’ : खासगी जागा, आत जाऊ नका. ‘आत्तेन्ती आल काने’ : कुत्र्यापासून सावध. ‘आक्वा नॉन पोताबिले’ : हे पाणी पिण्याचे नव्हे. आणखी एक गोष्ट शरदात जाणाऱ्यांसाठी. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेरपर्यंत तिकडे शिकारीचा हंगाम असतो. कायद्याने मंगळवारी आणि शुक्रवारी शिकार बंद, तेव्हा डोंगरातली धाव त्या दोन दिवसांवर ठेवा. उन्हाळ्यात उंच गवतातून आलात की पोटऱ्या आणि गुडघ्यामागची खळगी तपासा. गोचीड चिकटली असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, तेल किंवा काडीचा चटका नको.

प्रश्न : आपल्याकडेही भुईकोट किल्ला आहे, शेजारी सिद्धेश्वर तलाव आहे. मग लुक्कासारखी फेरी इथे का होत नाही? — अशोक चौक

किल्ल्याच्या जातीमुळे. आपला भुईकोट बहमनी काळातला, दुहेरी तटाचा, दगडी. माथ्यावर शिपायांनी पहारा द्यावा एवढीच रुंदी. लुक्काचा तट दोन शतकांनंतरच्या तोफांसाठी मातीने भरलेला, म्हणून वर झाडे रुजली आणि रस्ता बसला. शिवाय आपला किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातले संरक्षित स्मारक आहे. ढासळत्या दगडांवर धावणे किल्ल्यालाही बरे नाही आणि घोट्यालाही. आतल्या वाटांवर चाला, धाव बाहेर.

शहराभोवती पायी फेरी ही गोष्ट मात्र सोलापूरला कुणी शिकवायला नको. सिद्धेश्वरांच्या संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज खांद्यावर पेलून ६८ शिवलिंगांना जाणारे मानकरी अनवाणी जेवढे चालतात, तेवढे आपल्यातले निम्मे हौशी धावपटू बूट घालूनही जाणार नाहीत. त्याच दिवसांत तलावाशेजारच्या होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा, भरतो, म्हणून तलावाभोवती धावणाऱ्यांनी जानेवारीत दुसरी जागा धरावी.

दुसऱ्या जागा कोणत्या? मऊ जमीन आणि सावली दोन्ही हवी असेल तर विजापूर रस्त्यावरचे सिद्धेश्वर वनविहार. मातीची वाट, झाडी, वाहने नाहीत. लुक्काच्या स्पाल्तीची सर नाही, पण गुडघ्यांना तोच आराम. उघडण्याची वेळ फाटकावर पाहून घ्या. त्याच अंगाला धर्मवीर संभाजी तलाव, जुन्यांचा कंबर तलाव. हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांसाठी जायचेच असेल तर धाव आधी, पक्षी नंतर, कारण घामेजल्या अंगाने काठावर उभे राहिले की पोटरी आखडते. लांब धावेसाठी लोक तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याच्या तलावाकडे जातात. तलाव छान, महामार्ग वाईट. अवजड वाहनांच्या झोताने माणूस कडेच्या भरावाखाली उतरतो आणि पाय मुरगळतो. गाडीने तलावापर्यंत जा आणि तिथल्या गावरस्त्यांवर धावा. बंधारा सरकारी हद्दीत येतो, विचारल्याशिवाय त्यावर चढू नका.

नान्नजचा माळ धावण्यासाठी नाही, हेही सांगून टाकतो. ते माळढोकाचे अभयारण्य आहे. तो आणि त्याच्यासारखे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. तुमच्या पावलांनी पक्षी उठला की अंडी उन्हात उघडी पडतात.

सोलापूरच्या जमिनीबद्दल दोन शब्द. मुरमाची वाट बाराही महिने चांगली : पाणी मुरते, पाय घसरत नाही. काळी माती मात्र ऋतूप्रमाणे रूप बदलते. पावसात ती बुटाच्या तळाला थर धरते. शंभर पावलांत बूट दुप्पट जड होतो आणि नितंबाजवळचे स्नायू धरतात. एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात, त्यांत पुढचा चवडा अडकतो. म्हणून शेतातली पाणंद नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीच्या कडेने धावण्यासारखे सुख नाही, फक्त उभ्या पिकात शिरू नका.

प्रश्न : तलावाभोवती वर्षभर धावतो. दोन महिन्यांपासून डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखते. सुरुवातीला काही नाही, तीन कि.मी.नंतर कळ येते. — होटगी रोड

तुम्ही तलाव नेहमी उजव्या हातालाच ठेवता का? बहुतेक सोलापूरकर ठेवतात. देवाला उजवी घालायची सवय पायांतही उतरते. पण देवळाबाहेर तिची गरज नाही. एकाच दिशेच्या वळणांवर बाहेरच्या पायावर भार वेगळा पडतो. त्यात पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता केलेला असतो. एकाच कडेने धावले की एक पाय रोज खालच्या पातळीवर पडतो. नितंबापासून गुडघ्याच्या बाहेरून खाली जाणारा एक चिवट पट्टा आहे, तो मग गुडघ्यापाशी चोळला जातो. ‘ठरावीक अंतरानंतरच दुखणे’ ही त्याची ओळख.

दोन आठवडे अंतर निम्मे करा आणि कळ येण्याच्या आधीच थांबा, म्हणजे अडीच कि.मी.ला. एक दिवस उजवी, एक दिवस डावी. जिथे रस्ता सपाट आहे तिथेच धावा. रोज कुशीवर झोपून वरचा पाय गुडघ्यात न वाकवता एक वीतभर वर उचला, १२ वेळा, दोन्ही बाजूंना तीन-तीन पाळ्या. टाच किंचित मागे ठेवायची, पुढे आली की भलताच स्नायू काम करतो. उतार टाळा. गुडघा सुजला, अडकला किंवा जिन्यात एकदम सुटला, तर हे सगळे सोडून हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : उन्हाळ्यात सकाळी सहालाही घामाने जीव नकोसा होतो. किती वाजता धावावे, पाणी किती प्यावे? — विजापूर रोड

मे महिन्यात सोलापुरात पहाटेचे तापमानही पंचविशीच्या आसपास असते आणि पावणेसहाला सूर्य वर येतो. सव्वापाचला सुरू करून सहाला संपवा, सातची मर्यादा कधीच ओलांडू नका. संध्याकाळी डांबर आणि सिमेंट दिवसभरची धग सोडत असतात, म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळपेक्षा पहाट.

उठल्यावर पेलाभर पाणी. पाऊण तासाच्या आतल्या धावेला वाटेत पाण्याची गरज बहुतेकांना पडत नाही. त्यापुढे दर वीस मिनिटांनी तीन-चार घोट. तहान नसताना लिटरभर ढोसू नका. नुसते पाणी अति झाले तर रक्तातले मीठ पातळ होते, डोके दुखते, मळमळते आणि लोक त्यालाही ‘ऊन लागले’ समजून आणखी पाणी पाजतात. परतल्यावर लिंबू-सरबत मीठ घालून प्या. फार घाम गेला असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ यापेक्षा वाढवू नका. आपला सोलापुरी टॉवेल भिजवून मानेवर टाकला तर महागड्या थंड पट्ट्यांची गरज नाही.

धावणारा बरळू लागला, पाय लटपटले, अंग तापले, तर तो उष्माघात. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

प्रश्न : पहाटे अंधारात निघते. कुत्री मागे लागतात. काठी ठेवू का? — बाळे

काठीपेक्षा थांबणे उपयोगी. कुत्रे हलणाऱ्या पायामागे धावते. पाय थांबले की त्याचा निम्मा जोर ओसरतो. पाठ फिरवू नका, डोळ्यांत रोखून पाहू नका, हात अंगाशी घ्या आणि अंग तिरके ठेवून हळूहळू मागे सरका. दहा-पंधरा पावलांनी तुम्ही त्याच्या हद्दीबाहेर जाता. खाली वाकून दगड उचलल्याचा आविर्भाव बहुतेक भटक्या कुत्र्यांना कळतो, पण टोळी असेल तर तो करू नका. कपाळावर दिवा लावलात तर प्रकाश जमिनीकडे झुकवा. कानात गाणी नकोत, निदान एक कान मोकळा. घरी वाट आणि वेळ सांगून निघा आणि ती वाट रोज तीच ठेवू नका.

चावलेच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवा, घड्याळ लावून. मिरचीपूड, चुना, हळद काही भरायचे नाही. त्याच दिवशी लस. दात कातडीत रुतून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचे वेगळे इंजेक्शनही लागते, ते विचारून घ्या.

प्रश्न : ऑक्टोबरात शिक्षणासाठी पिसाला जातो आहे. तिकडच्या शर्यतीत नाव देता येईल का? — साखर पेठ

येईल, पण कागद आधी. इटलीत स्पर्धात्मक शर्यतीसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि ते नुसते ‘प्रकृती ठीक’ असे लिहिलेले चालत नाही. तिथला क्रीडा-वैद्यक लघवी तपासतो, फुप्फुसांची क्षमता पाहतो, हृदयाचा आलेख आरामात आणि श्रमानंतर असा दोनदा काढतो. प्रमाणपत्र एक वर्ष चालते. त्याशिवाय तिथल्या ॲथलेटिक्स महासंघाचे सभासदत्व किंवा महासंघाचे ‘रनकार्ड’ मागतात. एवढा व्याप नको असेल तर विनास्पर्धा धावा असतात. रविवारी सकाळी गावोगावी भरतात, नाममात्र शुल्क, दोन-तीन अंतरे आणि वाटेत खाण्यापिण्याची टेबले. तिथल्या शेतवाटा ओळखीच्या करून घ्यायला यासारखी संधी नाही.

अंधाराचा हिशेबही ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळे एक तास मागे जातात. नोव्हेंबरच्या मध्याला पाचच्या आत सूर्य मावळतो. कॉलेज सुटल्यावर नदीकाठी जाण्याचा बेत तिथेच फसतो. त्या दिवसांत नदीकाठची धाव सकाळी सातनंतर, संध्याकाळची दिव्याखालच्या रस्त्यांवर.

प्रश्न : परदेशी जाताना नवे बूट घेऊन जावे का? — सात रस्ता

घ्या, पण निघण्याच्या महिनाभर आधी, आणि इथेच ४०-५० कि.मी. वापरून. पाय संध्याकाळी किंचित फुगलेला असतो, म्हणून खरेदी संध्याकाळी, धावताना घालायचे मोजे घालून. अंगठ्यापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ती नसेल तर उतारावर नख काळे पडते. जुना जोड ५०० ते ८०० कि.मी. झाल्यावर बदलतात. वरून बूट नवा दिसला तरी तळ हाताने दाबून पाहा. दाबल्यावर उसळी येत नसेल तर तो चालण्यासाठी ठेवा.

प्रश्न : घड्याळ एकाच फेरीला कधी ४.१ तर कधी ४.४ दाखवते. खरे कोणते? — जुळे सोलापूर

दोन्ही नव्हेत. दाट झाडीखाली आणि उंच भिंतीशेजारी उपग्रहाचा इशारा अडतो किंवा परावर्तित होऊन उशिरा पोहोचतो, मग घड्याळ तुम्हांला वेडेवाकडे धावल्याचे दाखवते. सुरुवातीला उघड्यावर दोन मिनिटे उभे राहून घड्याळाला जागा पकडू द्या, मगच कळ दाबा. आतल्या कडेने धावले की फेरी लहान होते आणि बाहेरच्या कडेने मोठी, हाही फरक त्यातच मिसळतो. अंतरासाठी एकच कड धरून पाच वेळा मोजा, मधला आकडा घ्या आणि पुढे फक्त वेळ पाहा.